नायकाची उंची

कॉव्हेंट्रीत मला राहायला खोली मिळाली ती माझ्या उंचीमुळे. पुण्याहून कंपनीने पाठवलं होतं, सोबत दोन बॅगा होत्या आणि महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी दिलेला एक पत्ता होता. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी. अंगावर साडी, साडीवर पांढरा लॅब कोट आणि हातात शिंप्याची टेप. त्यांनी मला नोकरी विचारली नाही, आडनाव विचारलं नाही, मी नॉनव्हेज करणार का हेही विचारलं नाही.

"बूट काढ आणि भिंतीला पाठ लावून उभा राहा," त्या म्हणाल्या.

मी उभा राहिलो. व्हिसा काढताना इतक्या परीक्षा दिलेल्या होत्या की अजून एक दिली तर काही बिघडत नव्हतं. त्यांनी स्टुलावर चढून माझ्या डोक्यावर पट्टी ठेवली, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली, आणि टेप लावली.

"पाच फूट सात. परफेक्ट! कधी शिफ्ट होतोस?"

माझ्याआधी तिघेजण येऊन गेले होते, हे पुढे कळलं. "एक पाच दहा होता. पोरगा गुणी होता रे, पण उपयोग काय?" त्यांना सगळे काकू म्हणत, मीही म्हणायला लागलो. मी कशासाठी उपयोगाचा, हे मला तिसऱ्या दिवशी समजलं. काकू बावीस वर्षं एक कादंबरी लिहीत होत्या आणि तिचा नायक पाच फूट सात इंचांचा होता.

काकूंची सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेली. तीस-बत्तीस वर्षं लोकांच्या थुंकीत आणि लघवीत जंतू शोधले. पन्नाशी उलटली की बायका भजनाला लागतात, फार तर बागकामाला. काकूंनी कॉन्व्हेंट काढलं. म्हणजे कागदावर. इंग्रजांच्या काळातलं, घाटमाथ्यावरच्या एका आडगावातलं. तिथे सिस्टर कॉन्स्टन्स नावाची आयरिश जोगीण, तिच्याकडे सामानात लपवून आणलेला पितळी मायक्रोस्कोप. गावात पटकीची साथ. एक तरुण मराठी डॉक्टर रोज विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणतो आणि ती ते मायक्रोस्कोपखाली बघते. मदर सुपीरियरचं म्हणणं असं, की देवाने जे डोळ्यांना दिसू दिलं नाही ते बघणं हा आगाऊपणा आहे. सिस्टरचं म्हणणं, देवाने जंतू केलेत तर ते कुणीतरी बघावेत म्हणूनच केले असणार. गावाचं म्हणणं, डॉक्टर बाटला. असं सगळं सहाशे पानं चाललेलं. आणि या सहाशे पानांत त्या दोघांनी एकमेकांना बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

याचं कारण काकूंचा नियम. जे प्रत्यक्षात होऊ शकतं की नाही हे तपासलेलं नाही, ते लिहायचं नाही. मेणबत्तीच्या उजेडात पत्र लिहायला सिस्टरला किती वेळ लागेल? काकूंनी घरातले दिवे घालवून, मेणबत्ती लावून, बोरूने पत्र लिहून बघितलं. फायर अलार्म वाजला, तरी पत्र पूर्ण केलं. जोगिणीच्या डोक्यावरच्या वस्त्रामुळे मायक्रोस्कोपमध्ये नीट बघता येतं का? उशीच्या अभ्र्याचं तसं वस्त्र शिवून काकू चार दिवस वावरल्या. कचऱ्याच्या बिन्स न्यायला आलेला माणूस त्यांना "मॉर्निंग, सिस्टर" म्हणून गेला. मंडळात बातमी पसरली की काकूंनी धर्म बदलला. गणपतीच्या मीटिंगला दोघी-तिघी खास चौकशीला आल्या. काकूंनी त्यांना सांगितलं, "अजून सँपल साइझ कमी आहे, नक्की झालं की कळवते."

मी आल्या आल्या, पहिल्याच आठवड्यात, फ्रिजमधून पाण्याची बाटली काढून तोंडाला लावणार तोच बाटलीवरची चिठ्ठी दिसली. लॅबच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: "पिऊ नये. प्रकरण चौदा." आत कॅनलचं पाणी होतं.

देवाच्या बाबतीत काकू अगदी कोरड्या. घरात देव्हारा नाही, दिवा नाही. पण संकष्टीचा उपास मात्र कडक. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून सुरू आहे तो एक्सपेरिमेंट. रिझल्ट काही नाही अजून. पण मध्येच बंद केला तर सगळा डेटा फुकट नाही का जाणार?" मी आपलं साबुदाण्याची खिचडी वाढून घेतली.

मला कामं दोन. रविवारी काकूंच्या वह्यांतला मजकूर लॅपटॉपवर टाइप करायचा, आणि लागेल तेव्हा डॉक्टर व्हायचं. वरच्या फळीवरची बाटली डॉक्टरला टाच न उचलता काढता येते का? मी काढून दाखवायची. कॉन्व्हेंटच्या ठेंगण्या दारातून येताना त्याचं डोकं आपटेल का? माझं आपटायचं. ऑफिसात मला सीनियर कन्सल्टंट म्हणत, घरी मी दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेत होतो.

प्रकरण चाळीसपर्यंत लिहून झालेलं असताना मधलं एकतिसावं कोरं होतं. त्यात एकच गोष्ट घडायची होती. डॉक्टर आणि सिस्टर एका मायक्रोस्कोपवर वाकलेत, तो तिला फोकसचा स्क्रू फिरवायला देतो आणि हाताला हात लागतो. बस. आम्ही चार वेळा करून बघितलं. मी स्क्रू धरायचा, काकूंनी माझ्या हातून घ्यायचा.

"हात लागतो," काकूंनी वहीत लिहिलं, "पण काही होत नाही. निगेटिव्ह." मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुझा हात फार गार आहे."

काकूंना धर्मातलं काही अडलं की त्यासाठी दर गुरुवारी दुपारी चार वाजता शेजारचे गृहस्थ यायचे. आयर्लंडचे, कॅथलिक, काकूंहून दोनेक वर्षांनी मोठे. तरुणपणी पाद्री व्हायला गेले होते, दोन वर्षांत परत आले आणि मग जन्मभर कॉव्हेंट्रीत बस चालवली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकूंच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, जाऊनही पंधरा वर्षं झाली होती. काकू त्यांना तोंडावर 'फादर' म्हणत, आणि ते दर वेळी सांगत, की मी ते पूर्ण केलं नाही. काकू म्हणत, "ठीक आहे, थिअरी तर झाली ना?"

दोन घरांच्या मध्ये कमरेएवढं झुडपांचं कुंपण होतं. फादर त्याला वळसा घालून, पुढच्या गेटने, टाय बांधून येत. सोबत स्वतः केलेला ब्रेड. काकू थालीपीठ लावत आणि फादर त्यावर लोण्याचा डोंगर करून खात. त्यांना मराठी शब्द तीनच येत होते: चहा, बास आणि अजून. त्यात बास कधी वापरलेला मी ऐकला नाही.

मग काकू प्रश्नांची यादी काढत. जोगिणीला कन्फेशनमध्ये काय काय सांगावं लागतं? एखाद्याच्या केसांच्या तेलाचा वास आवडला तर ते पाप का? फादर गंभीरपणे विचार करत. इंग्रजीत म्हणत, नुसता वास आला तर पाप नाही. पुन्हा तो यावा म्हणून तिथेच थांबून राहिली, तर विचार करावा लागेल. काकू ते लिहून घेत. नंतर काकू स्लाइड लावत, फादर मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालत आणि म्हणत, "मार्व्हलस!" काकूंचा चेहरा खुलायचा. असे गुरुवार अकरा वर्षं चालले होते. गुरुवारी मी घरून काम करायचो, म्हणून त्यातले शेवटचे दीड वर्षाचे पाहिले.

मला दिसत होतं. मंडळातल्या बायकांनाही दिसत होतं. दिसत नव्हतं ते या दोघांना, किंवा दिसत असून त्यांनी त्याला नाव दिलं नव्हतं. कादंबरीत त्या दोघांच्या मध्ये धर्म होता, समाज होता, बारा फुटी भिंत होती. इथे कुणी कुणाला अडवलेलं नव्हतं. तीच मोठी अडचण होती. अडवायला कुणी असतं तर काकू नक्की भांडल्या असत्या.

एका गुरुवारी फादरनी दुसरं थालीपीठ नको म्हटलं. मी चमकलो. मग त्यांनी सांगितलं की मुलीने ठरवलंय, त्यांना आयर्लंडला आपल्याकडे न्यायचं. गुडघे जिना चढू देत नाहीत, घर विकायला काढलंय. अजून दोन गुरुवार, मग शनिवारी ती गाडी घेऊन येणार.

काकूंनी वही उघडली. "फादर," त्यांनी इंग्रजीत विचारलं, "जोगिणीची दुसऱ्या गावी बदली झाली, तर तिला लोकांचा निरोप घेऊ देतात का?"

"त्या काळात? नाही," फादर म्हणाले. "सकाळी न्याहारीला सांगायचे आणि दुपारी ती गेलेली असायची."

काकूंनी ते लिहून घेतलं. तारीखही घातली. मला इतका राग आला की मी कप विसळायच्या निमित्ताने उठलो आणि एकाचा कान तोडला. पुढच्या गुरुवारी तर काकूंनी दीड तास ख्रिस्ती अंत्यविधीवर प्रश्न विचारले, आणि ते बिचारे उत्तरं देत राहिले. ते गेल्यावर माझ्याने राहवलं नाही.

"काकू, तुम्ही त्यांना थांबा म्हणा ना."

"कुठल्या ग्राउंड्सवर?"

"तुम्हाला ते आवडतात, या ग्राउंड्सवर."

"एव्हिडन्स काय त्याला?"

"अकरा वर्षांचे गुरुवार!"

"ते कोरिलेशन झालं," काकू म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. मायक्रोस्कोपवर झाकण घालताना त्यांना ते दोनदा बसवावं लागलं. "आणि समजा विचारलं आणि नाही म्हणाले, तर? आत्तापर्यंत झालेलं सगळं पण हातचं जाईल. या वयात मी नवा प्रोजेक्ट कुठून सुरू करू, सांग?"

तेव्हा मला कळलं की एकतिसावं प्रकरण कोरं का आहे. आणि आपण या बाईंना आठ दिवस मनातल्या मनात शिव्या दिल्या, याची लाज वाटली.

शेवटचा गुरुवार आला. चहा झाला, थालीपीठ झालं. काकूंनी स्लाइडवर कॅनलच्या पाण्याचा थेंब ठेवला आणि मला म्हणाल्या, "चल, उभा राहा. एकतीस. लास्ट टाइम करून बघू, फादर ऑब्झर्व्ह करतील."

मी नाटकात कधी काम केलेलं नाही, पण त्या दिवशी कंबर धरून असा काही कण्हलो की फादर घाबरून उठले. "काकू, पाठ धरलीय हो. वाकता येत नाही. यांनाच करू दे ना."

काकूंनी फादरकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "शक्य नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "डॉक्टर पाच फूट सात आहे. तुम्ही पाच चार असाल. अँगल बदलतो. रिझल्ट व्हॅलिड धरता येणार नाही."

फादरनी टायची गाठ सरळ केली. मग म्हणाले, "देन मेक द डॉक्टर शॉर्टर."

बावीस वर्षांत काकूंना असं कुणी सुचवलं नव्हतं. मंडळातल्या लोकांनी कादंबरीला बरंच काही सुचवलं होतं, पळून जाणं, विहिरीत उडी, पुनर्जन्मसुद्धा. पण नायकाला तीन इंच कमी करा असं कुणी म्हणालं नव्हतं. काकूंनी लॅब कोटाचं वरचं बटण लावलं, परत काढलं, आणि म्हणाल्या, "कम."

दोघं टेबलाशी उभे राहिले. फादर वाकले. त्यांनी डोळा लावला.

"काय दिसतंय?" काकूंनी विचारलं.

"मार्व्..." ते अर्ध्यावर थांबले आणि त्यांनी मान वर केली. "जाण्यापूर्वी एक सांगायला हवं. मला यात कधीच काही दिसलेलं नाही. फक्त माझ्या पापण्या दिसतात."

मी दुखरी कंबर विसरून ताठ उभा राहिलो. सुदैवाने माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"इलेव्हन इयर्स?" काकू म्हणाल्या.

"इलेव्हन इयर्स."

"मग मार्व्हलस का म्हणत होता?"

"तुम्ही म्हणत होता ना, ते जंतू आहेत म्हणून," फादर साधेपणाने म्हणाले. "नसते तर तुम्ही म्हणाला नसता."

काकूंनी आयुष्यात कुणाचा शब्द तपासल्याशिवाय घेतलेला नव्हता. डॉक्टरांचा नाही, नवऱ्याचा नाही, देवाचा तर नाहीच. आणि त्यांचा शब्द कुणीतरी अकरा वर्षं, न बघता, पापण्यांवर घेऊन बसलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. जरा जास्तच वेळ पुसला. मग फादरचा हात धरला आणि फोकसच्या स्क्रूवर ठेवला, वर आपला ठेवला.

"हळू. तो डोळा मिटू नका. थोडे मागे या. अजून. अजून. नाऊ!"

"ओह," फादर म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "दे आर मूव्हिंग."

"जिवंत आहेत. हलणारच."

मी बिन्स बाहेर ठेवायला गेलो. तो काही बिन्सचा वार नव्हता. समोरच्या फुटपाथवर जाऊन आलो, शेजारच्या 'फॉर सेल'च्या पाटीकडे बघत उभा राहिलो, आणि परत आलो तर स्क्रू अजून फिरत होता. एवढं फोकस कुठल्याही मायक्रोस्कोपला लागत नाही.

पण 'थांबा' हा शब्द काकूंच्या तोंडून निघाला नाही तो नाहीच. शनिवारी मुलगी आली, बॅगा भरल्या. काकूंनी कुंपणावरून चकल्यांचा डबा दिला. फादर म्हणाले, "अजून?" काकू म्हणाल्या, "बास." आणि गाडी गेली. मला वाटलं, संपलं. मी काकूंवर पुन्हा एकदा चिडलो.

संध्याकाळी त्यांनी मला लॅपटॉप घेऊन बोलावलं. "पाच फूट सातचं पाच फूट चार कर. सगळीकडे."

मी केलं. एका फटक्यात पुस्तकभर उंची बदलली. त्यात मदर सुपीरियरही पाच सात होती, तीही तीन इंचांनी खुजी झाली.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "जरा नम्र होईल."

"पण काकू, प्रकरण नऊ? त्याला वरच्या फळीवरची बाटली आता नाही पुरायची. आपण टेस्ट केलं होतं."

"मग स्टुलावर चढेल! काय बिघडलं?" काकू इतक्या जोरात म्हणाल्या की मी पुढे ठेंगण्या दाराचा विषय काढलाच नाही.

यथावकाश मी एडिनबराला बदली घेऊन आलो आणि पुण्याच्या एका प्रकाशकाने कादंबरी काढली. काकूंनी मला प्रत पाठवली. मी आधी एकतिसावं प्रकरण उघडलं. वर 'प्रकरण एकतीस' एवढं छापलेलं, खाली पान कोरं. मी लगेच फोन लावला.

"काकू, एक्सपेरिमेंट तर झाला होता! पॉझिटिव्ह होता! मी तिथे होतो."

"एकदाच मिळालेला रिझल्ट छापत नसतात," काकू म्हणाल्या. "तो रिपीट करता आला पाहिजे. नाहीतर त्याला काय अर्थ?"

मंडळातल्या लोकांना ती छपाईची चूक वाटली. एका बाईंनी तर विचारलं म्हणे, की अख्ख्या कादंबरीत हा डॉक्टर सारखा स्टूल घेऊन का हिंडतो?

एक प्रत आयर्लंडलाही गेली होती. मराठीतली सहाशे पानं, ज्यांतलं एक अक्षर त्या माणसाला वाचता येणार नव्हतं. गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. आवाज चढलेला.

"कार्ड आलंय त्याचं. काय लिहिलं असेल? मार्व्हलस! एकच शब्द. न वाचता! पुन्हा तेच! मी काय म्हणते, कुणी इतकं कसं..." पलीकडून बॅगेची झिप ओढल्याचा आवाज आला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय! मायक्रोस्कोप केबिन बॅगेत बसतोय. एअरलाइनला विचारलं मी, लेन्सच्या ऑइलची बाटली तेवढी चालणार नाही म्हणाले. गुरुवारी सकाळचं तिकीट आहे. बरोबर चारला त्याच्या दारात पोचते. स्वतः जाऊन तपासायला पाहिजे."

"वन वे की रिटर्न, काकू?"

"ते बघू रे. रिझल्ट पब्लिश करायचा तर तीनदा तरी रिपीट करावा लागतो," काकू म्हणाल्या. "आणि या वयात हात थरथरतात. जास्त वेळाही करावा लागेल."